उडीचा घोडा हेरायचा कसा?

११ मार्च २०२५, इंग्लंडमधलं चेल्टनहॅम. चॅम्पियन हर्डल ही दोन मैलांची शर्यत सुटायच्या वेळी कॉन्स्टिट्यूशन हिल या घोड्याचा भाव होता १-२. म्हणजे दोनशे लावले तर वर शंभर मिळणार, इतका लोकांचा त्याच्यावर भरवसा. अर्ध्या वाटेत तो अडथळ्यावर पडला. आधीच्या वर्षीचा विजेता स्टेट मॅन पुढे निघाला, शेवटचा अडथळा तेवढा राहिला होता, आणि तिथे तोही पडला. मागून आलेली गोल्डन एस ही घोडी जिंकली. तिचा भाव होता २५-१, म्हणजे शंभर लावले तर वर अडीच हजार. पडलेले दोन्ही घोडे उठून उभे राहिले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

नंतर ज्याच्याशी बोलावं तो एकच म्हणत होता, नशीब, दुसरं काय! मला ते अर्धंच पटलं. दोन घोडे पडले हे नशीब, कबूल. पण ते पडले तेव्हा त्यांच्या मागे नेमकी गोल्डन एस होती, ती कशी? बरोबर एक वर्ष आधी, २०२४ साली, याच मैदानावर फक्त घोडींसाठी असलेल्या नॉव्हिस, म्हणजे नवख्यांच्या, शर्यतीत तिने ब्रायटरडेजअहेड नावाच्या गाजलेल्या घोडीला हरवलं होतं. तीच ब्रायटरडेजअहेड २०२५ च्या चॅम्पियन हर्डलमध्येही होती, आणि तिचा भाव गोल्डन एसपेक्षा कितीतरी कमी होता. जिने हरवलं ती २५-१ ला आणि जी हरली ती लोकांच्या पसंतीत वर! ती जुनी शर्यत ज्याने वहीत टिपून ठेवली असेल, त्याला हा २५-१ नुसता आकडा दिसला नसेल.

मला सांगायचं आहे ते या वहीबद्दल. अडथळ्यांच्या शर्यतींत होतकरू घोडा कसा ओळखायचा, त्याच्यावर वर्षानुवर्षं नजर कशी ठेवायची, आणि पैसे लावायचेच असतील तर केव्हा.

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना सपाट शर्यत ठाऊक असते. घोडे गेटमधून सुटतात आणि मिनिट-दोन मिनिटांत, फार तर तीन मिनिटांत, निकाल लागतो. उडीच्या शर्यतींचं खरं घर म्हणजे आयर्लंड आणि ब्रिटन. फ्रान्समध्येही त्या जोरात चालतात. सुरुवातीची गोष्ट १७५२ सालची सांगतात. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, साधारण चार मैल, घोडे फेकायची पैज लावली. वाटेत कुंपणं, चर, बांध, जे येईल ते ओलांडायचं आणि समोरच्या चर्चचा कळस धरून जायचं. त्या कळसाला इंग्रजीत स्टीपल म्हणतात, म्हणून ही ‘स्टीपलचेस’.

आज या खेळाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली बंपर. यात अडथळा एकही नसतो, पुढे उड्या मारणार असलेल्या कोवळ्या घोड्यांना गर्दीत पळायची सवय लागावी एवढाच हेतू. दुसरी हर्डल. साडेतीन फुटांच्या, धक्का लागला की कलणाऱ्या झापा. तिसरी चेस. कमीत कमी साडेचार फुटांची, काटक्या घट्ट दाबून बांधलेली कुंपणं, आणि ती घोड्याची चूक पोटात घालत नाहीत. चेल्टनहॅमचा गोल्ड कप म्हणजे सव्वातीन मैलांहून थोडं जास्त अंतर आणि २२ कुंपणं. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री नावाच्या मैदानावर होणारी ग्रँड नॅशनल तर चार मैलांच्याही वर, ३० कुंपणं. मुख्य मोसम ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे ऐन पावसाचा, थंडीचा आणि चिखलाचा.

आता मुद्द्याची गोष्ट. इथले बहुतेक घोडे खच्ची केलेले असतात. सपाट शर्यतीतला नामी घोडा तीन-चार वर्षांचा झाला की पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातो. आपल्याकडची इंडियन डर्बीसुद्धा चार वर्षांच्या घोड्यांची. उडीचा घोडा मात्र चार-पाच वर्षांचा असताना सुरुवात करतो, आठ-नऊला भरात येतो आणि दहा-बारापर्यंत पळतो. रेड रमने १९७३ आणि १९७४ ला ग्रँड नॅशनल जिंकली आणि १९७७ ला पुन्हा जिंकली, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. आर्कलने १९६४, ६५ आणि ६६ असे लागोपाठ तीन गोल्ड कप नेले. घोडा इतकी वर्षं समोर असतो म्हणून त्याची वही ठेवण्यात अर्थ आहे. त्याला घडताना बघता येतं. आणि माझ्या मते सगळी पारख याच एका प्रश्नात आहे. हा घोडा घडून झालाय, की अजून घडायचा आहे?

गावाकडे शर्यतीसाठी खोंड बघणारी माणसं आठवा. आज किती पळतो एवढ्यावर ती थांबत नाहीत. हाड केवढं आहे, छाती भरायची राहिलीय का, खूर कसे आहेत, नजर कशी आहे, हे सगळं न्याहाळतात. उडीच्या घोड्याचंही तसंच. ऑक्टोबरात वेल्समधल्या चेपस्टोला मोसमाची दोन दिवसांची मोठी सुरुवात होते, तिथे मी दरवर्षी पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याला टेकून उभा राहतो. एकदा एक उंचापुरा घोडा आला. तपकिरी अंग, काळी आयाळ, जुन्या मराठीत ज्याला कुमैत म्हणत. बाजूचे घोडे घोटीव दिसत होते. हा नुसता सांगाडा. मागचा भाग उंच, मानेवर मांस नाही, कान सारखे इकडे-तिकडे, प्रत्येक छत्रीकडे बघतोय. शर्यतीत तो पाचवा आला. पण मी शर्यत त्याच्याकडेच बघत काढली. पहिल्या तीन झापांवर त्याने दोन-दोन फूट जास्त उंच उड्या मारल्या आणि प्रत्येक उडीत जागा घालवली. चौथ्या-पाचव्याला त्याच्या ध्यानात आलं असावं, उडी खाली आली. शेवटच्या वळणावर बाकीच्यांचे जॉकी हात चालवत होते, याचा स्वस्थ बसला होता. मग सगळे सुटले आणि हा मागे पडला, कारण सुटायचं म्हणजे काय हेच त्याला कळलं नव्हतं. शर्यत संपल्यावर शंभर यार्ड पुढे तो सगळ्यांना मागे टाकून पळत होता.

निकालाच्या कागदावर फक्त ‘५’ उमटलं. वहीत मी लिहिलं: “उंच उडी, झापांपेक्षा कुंपणाला बरा. दोन मैल कमी पडतात. पुढच्या वर्षी बघू.”

उंच उडीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण नवा प्रेक्षक इथेच फसतो. हर्डलवर उडी अशी नसतेच. वेग न मोडता, पुढचे पाय दुमडून झाप घासत जायचं असतं. तिथे उंच उडी म्हणजे वेळेची नासाडी. चेसमध्ये तीच उडी घोड्याचा जीव वाचवते. म्हणून हर्डलला मधल्या फळीतला वाटणारा धिप्पाड घोडा कुंपणांवर गेला की बदलतो, आणि हर्डलचा चपळ राजा कधीकधी तिथे घाबरतो. उडी झाल्यावर नजर घोड्याच्या उतरण्यावर ठेवा. उतरल्याबरोबर दुसरं पाऊल पुढे पडलं की घोडा तयार आहे. उतरून क्षणभर थांबला, मान खाली गेली, जॉकीला लगाम सोडावा लागला, तर मैदान कठीण झालं की हा अडचणीत येणार. कुंपण जवळ येताना त्याचे कान पुढे असतात का, तेही बघा. कान पुढे म्हणजे त्याला उडीची ओढ आहे.

हरण्याबद्दलही तेच. कसा हरला, ते किती अंतराने हरला यापेक्षा जास्त बोलतं. आयर्लंडमध्ये पॉइंट-टु-पॉइंट म्हणून हौशी जॉकींच्या शर्यती होतात, रविवारी, शेतात. तरुण घोडे तिथे दाखवायचे आणि मग लिलावात विकायचे, असा तो धंदा. कॉन्स्टिट्यूशन हिल अशी एकच शर्यत पळला आणि तीत दुसरा आला. नंतर तो एक लाख वीस हजार पौंडांना ट्रेनर निकी हेंडरसन यांच्या तबेल्यात गेला. २०२२ साली चेल्टनहॅमची पहिलीच शर्यत, सुप्रीम नॉव्हिसेस हर्डल, त्याने २२ लांबींनी जिंकली. ‘लांबी’ म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतचं अंतर, तोच इथला मोजमापाचा गज. शेतातल्या त्या ‘२’ आकड्यात एवढं दडलेलं होतं. तरी हाच घोडा २०२५ ला पडला, हेही वहीत असू द्या. गुण आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

छापील कार्डावर घोड्याच्या नावाआधी एक ओळ असते, तिला फॉर्म म्हणतात. समजा लिहिलंय २१/३पी-एफ१२. डावीकडे जुनं, उजवीकडे ताजं. आडवी रेघ म्हणजे मोसम बदलला. तिरपी रेघ म्हणजे मधे अख्खा मोसम गेला, बहुतेक वेळा दुखापतीमुळे. पी म्हणजे जॉकीने मधेच थांबवला, एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी घसरला, आर म्हणजे घोडाच अडला, बी म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यात हाही पडला. ‘बी’ला घोड्याचा दोष काहीच नसतो. सारखं ‘पी’ दिसलं तर मात्र विचारायला हवं, दम पुरत नाही की श्वासाचा त्रास आहे? श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली असेल तर ब्रिटनमध्ये २०१८ पासून ते कार्डावर जाहीर करावं लागतं. शस्त्रक्रियेनंतरची पहिली शर्यत मी नुसती बघतो.

आता जमीन, अंतर आणि वळण. या तिन्हींतून जमीन सर्वांत महत्त्वाची. पाऊस पडला की मैदान ‘गुड’वरून ‘सॉफ्ट’ आणि मग ‘हेवी’ होतं, आणि हेवी म्हणजे नांगरलेलं रान. मोठ्या खुरांचा, गुडघा उचलून पळणारा घोडा त्यात चालतो. जमिनीलगत सरपटणारा, हलक्या पावलाचा घोडा रुततो. नोव्हेंबरात चिखलात हरलेला घोडा एप्रिलच्या कोरड्या जमिनीवर दुसराच वाटतो, पण लोक त्याची नोव्हेंबरची आठवण धरून बसतात आणि त्याचा भाव वाढलेला राहतो. वहीचं खरं मोल तिथे कळतं. अंतराचं गणित सोपं आहे. दोन मैलांच्या शर्यतीत शेवटी जोर करत येणारा घोडा अडीच-तीन मैलांवर बघावा. चेल्टनहॅमला शेवटी चढ आहे, तो दम नसलेल्याला उघडा पाडतो. केम्प्टन सपाट आणि उजव्या वळणाचं, तिथे वेग आणि सफाई चालते. डेझर्ट ऑर्किड हा लोकांचा लाडका पांढरा घोडा उजव्या हाताच्या मैदानांवर खुलायचा. केम्प्टनची किंग जॉर्ज शर्यत त्याने चार वेळा जिंकली. पण १९८९ साली डाव्या वळणाच्या चेल्टनहॅमला, न आवडणाऱ्या चिखलात, त्याने गोल्ड कपही नेला. नियम ध्यानात ठेवावेत, पण असं काळीज असलेला घोडा दिसला की त्यांना बाजूला सारायची तयारी असावी.

ट्रेनरचं नाव मी मुद्दाम शेवटी बघतो. आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यातले विली मलिन्स आज या खेळातले सर्वांत मोठे. २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन मोसम ते ब्रिटनमध्येही चॅम्पियन ट्रेनर झाले. त्यांचा घोडा असला की भाव आपोआप उतरतो, कारण नावाची किंमत त्यात धरलेली असते. मात्र त्यांचे एकाच शर्यतीत पाच-पाच, सहा-सहा घोडे असतात, आणि तबेल्याच्या मुख्य जॉकीने न निवडलेले घोडे कधीकधी चढ्या भावात मिळतात. २०२५ ची ग्रँड नॅशनल त्यांच्या निक रॉकेटने जिंकली, भाव ३३-१, पाठीवर त्यांचाच हौशी जॉकी मुलगा पॅट्रिक. पहिले तिन्ही घोडे मलिन्सचेच होते. आणि गोल्डन एस? ती सॉमरसेटच्या एका लहान तबेल्यातली. तिथले घोडे कमी, चर्चा कमी, म्हणून भावही मोठे. वहीत असे दोन-तीन लहान तबेले असावेत.

हँडिकॅपबद्दल थोडक्यात. प्रत्येक घोड्याला कर्तबगारीप्रमाणे एक गुणांक मिळतो आणि त्याप्रमाणे पाठीवर वजन चढतं, म्हणजे चांगल्याला जास्त ओझं आणि बेताच्याला कमी. उद्देश हा की सगळे एका रेषेत यावेत. पण हा गुणांक झालेल्या शर्यतींवरून ठरतो. घडायच्या घोड्याचा गुणांक नेहमी मागे राहतो, आज तो जेवढा आहे त्यापेक्षा कागदावर कमी दिसतो. माझा चेपस्टोचा कुमैत घ्या. दोन मैलांच्या तीन झाप-शर्यतींवरून त्याला गुणांक मिळणार, आणि पळणार तो तीन मैल, कुंपणांवर. त्या पहिल्या हँडिकॅप चेसची मी वाट बघतो.

आता पैसे. घोडा आवडणं आणि घोड्यावर पैसे लावणं, या दोन कामांत भिंत असावी. ४-१ भाव म्हणजे पाचांतून एकदा जिंकेल असा बाजाराचा अंदाज, २० टक्के. तुमच्या वहीप्रमाणे तो चारांतून एकदा जिंकणार असेल तर भाव तुमच्या बाजूचा आहे. सहांतून एकदा वाटत असेल तर घोडा कितीही लाडका असो, हात खिशात ठेवा. १-२ म्हणजे साधारण ६७ टक्के. कॉन्स्टिट्यूशन हिलबद्दल बाजार म्हणत होता की तीनांतून दोनदा तो जिंकेल. त्या दिवशी तिसरी वेळ होती. शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांचे टक्के जोडून बघा, बेरीज शंभराच्या वर जाते. वरचा भाग बुकीचा. तो प्रत्येक शर्यतीत कापला जातो, म्हणून रोज खेळणारा हळूहळू रिकामा होतो.

‘ईच-वे’ म्हणजे निम्मे पैसे जिंकण्यावर आणि निम्मे पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर. शंभर-शंभर लावले, भाव १६-१, घोडा तिसरा आला आणि प्लेसला, म्हणजे त्या पहिल्या काही क्रमांकांना, भावाचा पाचवा हिस्सा मिळत असेल, तर ३२० आणि आपले शंभर, असे ४२० हाती येतात. लावलेले होते दोनशे. धडपडत का होईना पहिल्या तिनांत येणाऱ्या घोड्याला हे ठीक. महिनोन् महिने आधी, चेल्टनहॅमच्या शर्यतींवर डिसेंबरातच पैसे लावायचा मोह होतो, तेव्हा भाव मोठे असतात. पण घोडा जखमी झाला किंवा पळालाच नाही तर सहसा पैसे बुडतात. मी तो नाद सोडला आहे.

हे वाचणाऱ्यांतले बरेच जण महाराष्ट्रात असतील, त्यांना कळकळीने सांगतो. भारतात बसून परदेशी बेटिंग अ‍ॅपवर पैसे लावू नका, ते कायद्याला धरून नाही, आणि पैसे अडकले तर दाद मागायला कुणी नसतं. वही ठेवायला पैसा लागत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनीही पहिलं वर्ष फक्त लिहावं. लावायचंच झालं तर वर्षाची एक रक्कम बाजूला काढावी, जी गेली तर घरातल्या कुणाचं काही अडणार नाही. एका घोड्यावर तिचा पन्नासावा हिस्सा, त्याहून जास्त नाही. हरलेले पैसे त्याच दिवशी भरून काढायला जाणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांची घरंही बघितली आहेत.

आणि एक गोष्ट लपवून चालणार नाही. या खेळात घोडे मरतात. पडण्याने मरतात, पाय मोडल्यावर त्यांना तिथेच झोपवावं लागतं. याच कारणाने २०२४ पासून ग्रँड नॅशनलमध्ये ४० ऐवजी जास्तीत जास्त ३४ घोडे सोडतात आणि पहिलं कुंपण ६० यार्ड अलीकडे आणलं आहे, म्हणजे त्याच्यापर्यंत येताना वेग फार चढू नये. उडी कच्ची असलेला घोडा मोठ्या गर्दीच्या शर्यतीत उतरवलेला दिसला की मी त्याच्यावर कधीच पैसे लावत नाही, भाव कितीही चांगला असो. तो नीट उडायला शिकेपर्यंत त्याला वेळ देणारा ट्रेनर मला आवडतो, आणि माझी वही अशाच तबेल्यांच्या घोड्यांनी भरते.

वही कशी ठेवायची हे सांगतो आणि थांबतो. दहा घोडे, जास्त नकोत. प्रत्येकाला एक पान. वर नाव, वय, आई-बाप, तबेला. बापाचं नाव उपयोगी पडतं, पण त्याच्यावर विसंबू नका. गोल्डन एसचा बाप गोल्डन हॉर्न २०१५ ची इंग्लंडची डर्बी जिंकलेला, सपाट मैदानावरचा वेगाचा घोडा होता. खाली प्रत्येक शर्यतीची एक ओळ: जमीन, अंतर, वळण, उडी, आणि तो का हरला. शेवटी एक वाक्य, त्याला पुढे काय मिळालं तर तो जिंकेल. माझ्या कुमैताच्या पानावर ते वाक्य असं आहे: “तीन मैल, सॉफ्ट, कुंपणं, डावं वळण, दहापेक्षा कमी घोडे.” गेल्या हिवाळ्यात यातल्या तीन गोष्टी एकदा जुळल्या आणि तो दुसरा आला. पाचही अजून एका दिवशी जुळलेल्या नाहीत.